केप हॅटरास : पुळणीवरच्या गाड्यांना नियम लावायला गेलेली चाळीस वर्षं

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यासमोर, मुख्य भूमीपासून सुटून समुद्रात पुढे आलेल्या अरुंद वालुकामय बेटांची एक लांबलचक माळ आहे. तिचं नाव आउटर बँक्स. या माळेतल्या बोडी, हॅटरास आणि ऑक्राकोक या भागांतला बहुतेक किनारा ‘केप हॅटरास नॅशनल सीशोर’ म्हणून राखलेला आहे. अमेरिकी काँग्रेसनं त्यासाठी १९३७ मध्ये कायदा केला आणि १९५३ मध्ये तो प्रत्यक्षात आला. अशा प्रकारे राखलेला हा देशातला पहिला समुद्रकिनारा. इथं फोर-व्हील ड्राइव्ह गाडी वाळूच्या टेकड्या ओलांडून थेट लाटांपर्यंत नेता येते. मात्र कुठे, कधी आणि किती वेगानं न्यायची, याचा पक्का नियम १५ फेब्रुवारी २०१२ रोजी लागू झाला. असा नियम करा, असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश होता १९७२ चा.

मधल्या चाळीस वर्षांत काय घडलं, तेच या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं आहे. पुळणीवर गाड्या असाव्यात की नसाव्यात, यावर भांडणं जगात अनेक ठिकाणी होतात. केप हॅटरासचं भांडण इतकं चिघळलं, ते नियम कडक होता म्हणून नव्हे. नियम वेळेवर आलाच नाही म्हणून ते चिघळलं, असं माझं ठाम मत आहे. ज्या काळात थोडक्यात भागलं असतं तो काळ हातचा गेला, आणि मग जे काही आलं ते कोर्टाच्या दारातून आलं.

पुळण हाच रस्ता होता तेव्हा

इथल्या गावकऱ्यांच्या बाजूनं सुरुवात करायला हवी, कारण त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. हॅटरास बेटावर १९५० च्या दशकापर्यंत धड डांबरी रस्ता नव्हता. रोडँथी, एव्हन, बक्स्टन, फ्रिस्को, हॅटरास या गावांमध्ये ये-जा करायची तर ओहोटी बघायची, टायरमधली हवा कमी करायची आणि ओल्या, घट्ट वाळूवरून गाडी हाकायची. ऑरेगन इनलेट या बेटांमधल्या समुद्राच्या खिंडीवरचा पूल १९६३ मध्ये झाला. तोवर उत्तरेकडून बेटावर यायला फेरीबोटच होती. इथल्या माणसाच्या लेखी पुळणीवर गाडी चालवणं हा रोजच्या दळणवळणाचा भाग होता. मौजमजेसाठी गाड्या येऊ लागल्या त्या फार नंतर.

किनारा सरकारकडे जाणार म्हटल्यावर गावांत धास्ती पसरली. ती शमवण्यासाठी नॅशनल पार्क सर्व्हिसचे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचे, संचालक कॉनरॅड वर्थ यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये आउटर बँक्सच्या लोकांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. ते स्थानिक वृत्तपत्रात छापून आलं. पुढे पन्नास-साठ वर्षं हे पत्र सभांमध्ये, निवेदनांमध्ये, कोर्टाबाहेरच्या फलकांवर फिरत राहिलं. किनाऱ्यावर स्थानिक आणि पाहुणे अशा सगळ्यांना कायम जाता येईल, हे आश्वासन त्यात होतं. गावकरी ते वाक्य पाठ म्हणून दाखवत. पण लगेच पुढे असंही लिहिलेलं होतं, की काही नियम करावे लागतील : वाळूच्या टेकड्यांची धूप कमीत कमी व्हावी म्हणून गाड्यांनी पुळणीवर कुठून उतरायचं त्या जागा ठरवाव्या लागतील, आणि जिथं पोहणाऱ्यांची गर्दी असेल तिथं मासेमारीला शिस्त लावावी लागेल.

म्हणजे १९५२ मध्येच दोन्ही गोष्टी एका कागदावर होत्या. यायला कुणालाही मज्जाव नाही, आणि गाडीला ठरलेली वाट. १९३७ च्या कायद्यातही हाच समतोल दिसतो. गावकऱ्यांचा मासेमारीवर पोट भरण्याचा हक्क त्यात शाबूत ठेवला होता, आणि पोहणं, होड्या, मासेमारी यांसाठीच्या जागा वगळता बाकी भाग तिथल्या झाडाझुडपांसह आणि जीवांसह कायम नैसर्गिक अवस्थेत राखायचा, असंही बजावलं होतं. पत्राचा पहिला भाग लोकांनी जपला. दुसरा भाग जपण्याची जबाबदारी पार्क सर्व्हिसची होती. ती तिनं पार पाडली नाही.

एकाच टोकावर दोघांचा डोळा

हे भांडण सगळ्या किनाऱ्यावर सारखं पेटलं नव्हतं. चार-पाच जागा कळीच्या होत्या : बोडी आयलंडचा दक्षिणेकडचा वाळूचा दांडा, बक्स्टनजवळचं केप पॉइंट, हॅटरास इनलेटच्या तोंडाशी असलेली पुळण आणि ऑक्राकोकचं दक्षिण टोक. नकाशात पाहिलं तर या सगळ्या जागा बेटांच्या टोकाला किंवा कोपऱ्याला आहेत. तिथंच का, हे समजल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही.

केप पॉइंटपाशी किनारा काटकोनात वळतो. उत्तरेकडून येणारं गार पाणी आणि गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं उबदार पाणी या टापूत एकमेकांना भिडतं. उथळ वाळूवर छोट्या माशांचे थवे अडकतात आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. रेड ड्रम या माशासाठी हा किनारा जगभर नावाजलेला आहे. ९४ पौंड २ औंसांचा, म्हणजे साडेबेचाळीस किलोंच्या वरचा विक्रमी रेड ड्रम १९८४ मध्ये इथल्याच एव्हनच्या किनाऱ्यावर गळाला लागला. लांब गळ, आमिषाच्या पेट्या आणि बर्फ घेऊन, रात्रभर उभं राहायच्या तयारीनं येणाऱ्या माणसाला टोकापर्यंत गाडी हवी असते. मऊ वाळूत एवढं सामान खांद्यावर घेऊन मैलभर चालणं साठी उलटलेल्या माणसाला झेपणारं नाही.

आता पक्ष्याच्या बाजूनं तीच जागा पाहा. वादळाच्या लाटा टोकावरून आरपार जातात, झुडपं रुजू देत नाहीत आणि मागे सपाट, उघडी, शिंपल्यांच्या चुऱ्यानं भरलेली वाळू सोडून जातात. पाइपिंग प्लोव्हर या चिखल्यांच्या कुळातल्या छोट्या पक्ष्याला घरटं करायला नेमकी अशीच जागा लागते. घरटं म्हणजे वाळूत पायानं उकरलेला खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपकेदार. शत्रू दुरून दिसावा म्हणून आजूबाजूला उघडं मैदान हवं, आणि पिल्लांना किडे टिपायला ओलसर सपाटी जवळच हवी. अमेरिकन ऑयस्टरकॅचर, सुरय आणि पाणचिरे यांच्याही गरजा साधारण अशाच. समुद्री कासवांना मात्र टोकच लागतं असं नाही, ती पुळणीवर कुठेही वर येतात.

म्हणजे गळवाला आणि प्लोव्हर या दोघांनाही बेटाचं तेच टोक हवं होतं, आणि तेही वसंत ते उन्हाळा या त्याच महिन्यांत. १०० किलोमीटरहून लांब किनारा आहे, पक्ष्यांना थोडा बाजूला द्या आणि गाड्यांना थोडा, ही तडजोड कागदावर सोपी दिसते. भांडण ज्या जागांवरून होतं, त्या जागा मात्र वाटून देता येण्यासारख्या नव्हत्या.

चाक नेमकं काय करतं

गाडीमुळे पक्षी मरतात म्हणजे गाड्या घरटी चिरडतात, असा बहुतेकांचा समज असतो. अंडी तशी जातातही. पण घरट्याभोवती खांब आणि दोरी लावता येते. खरा धोका अंडी फुटून पिल्लं बाहेर आल्यावर सुरू होतो.

प्लोव्हरचं पिल्लू जन्मतः कापसाच्या बोळ्याएवढं असतं आणि आई-बाप त्याला भरवत नाहीत. काही तासांतच ते घरटं सोडतं आणि स्वतःच्या पायांनी लाटांच्या कडेला, ओल्या वाळूकडे चालू लागतं. त्याला तिथंच खायला मिळतं. उडता यायला सुमारे २५ ते ३५ दिवस लागतात, तोवर त्याच्या रोज फेऱ्या चालतात : कोरड्या वाळूतून पाण्याकडे आणि पाण्याकडून आडोशाला. गाड्याही ओल्या, घट्ट वाळूवरूनच जातात. फोर-व्हील ड्राइव्हची चाकं मऊ वाळूत खोल चाकोऱ्या पाडतात. त्या चाकोरीच्या कडा पिल्लाला भिंतीसारख्या असतात. त्यात उतरलेलं पिल्लू सहज वर चढू शकत नाही, मग चाकोरीतूनच चालत राहतं. धोका जाणवला की पळून जाण्याऐवजी जागच्या जागी दबून बसायचं, अशी त्याची उपजत सवय असते. कोल्ह्यापासून आणि कुरव पक्ष्यापासून वाचायला ती उपयोगी पडते. चाकोरीत दबून बसलेलं वाळूच्या रंगाचं पिल्लू ड्रायव्हरला मात्र दिसतच नाही. ताशी वीस किलोमीटरनं जाणाऱ्या काळजीवाहू माणसालाही ते दिसत नाही, आणि खाली काही आलं याचा त्याला पत्ताही लागत नाही. मी हळू चालवतो, लक्ष देऊन चालवतो, हे म्हणणं मनापासूनचं असलं तरी इथं पुरेसं ठरत नाही, ते यामुळे.

कासवांचा प्रश्न रात्रीचा. लॉगरहेड जातीच्या कासवाची मादी अंधारात वर येते आणि दीड-दोन फूट खोल खड्ड्यात शंभराच्या वर अंडी घालते. वर येताना हेडलाइट किंवा हालचाल दिसली, तर पुष्कळदा अंडी न घालताच परत फिरते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात ती रात्रीच. उजेडाच्या दिशेनं जायचं आणि उताराच्या बाजूला सरकायचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं. वाटेत किनाऱ्याला समांतर चाकोरी आली की पिल्लू तिच्यात पडतं आणि समुद्राकडे जायचं सोडून समुद्राच्या कडेकडेनं चालत राहतं. उन्हं चढेपर्यंत ते तिथंच सापडलं, तर खेकडे आणि पक्षी त्याला सोडत नाहीत.

याखेरीज डोळ्यांत न भरणारं नुकसान वेगळंच. भरतीनं किनाऱ्यावर आणून टाकलेल्या शेवाळाच्या आणि कचऱ्याच्या पट्ट्यात किडे वाढतात आणि त्यावर पक्षी जगतात. चाकांखाली तो पट्टा चुरडून विखुरतो. वाळूत बिळं करणारे खेकडे गाड्यांच्या पुळणींवर कमी आढळतात, असं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे.

आदेश निघाला, आराखडा पडून राहिला

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये आदेश काढला : सरकारी जमिनींवर रस्त्याबाहेर गाड्या चालवायच्या तर त्या कुठे चालतील आणि कुठे नाही, हे प्रत्येक खात्यानं नियम करून ठरवावं. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो आणखी घट्ट केला. केप हॅटराससाठी १९७८ मध्ये मसुदा तयार झाला. तो अंतिम झाला नाही. दरम्यान पूल झाला होता, रस्ता झाला होता, फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घरोघरी आल्या होत्या आणि बेटावरचा पर्यटनाचा व्यवसाय पुळणीवर गाडी नेता येण्याभोवती वाढत चालला होता. गळ-आमिषाची दुकानं, मोटेलं, टोइंगवाले, सगळ्यांचं त्यावर चाललेलं.

१९८६ च्या जानेवारीपासून अटलांटिक किनाऱ्यावरचा पाइपिंग प्लोव्हर संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली आला. तेव्हा तरी जाग यायला हवी होती. १९९० च्या सुमारास केप हॅटरासवर या पक्ष्याच्या पंधराच्या आसपास जोड्या होत्या. २००२ आणि २००३ मध्ये उरल्या प्रत्येकी दोन. सगळी घट गाड्यांमुळे झाली असं नाही. वादळं, कोल्हे, रॅकून, मांजरं यांचाही वाटा होता. पण ज्या एका कारणावर माणसाचा थेट ताबा होता, त्याबाबत नियमाचा कागद कोराच राहिला.

ही दप्तरदिरंगाई कुणाच्याही फायद्याची नव्हती. पक्ष्यांचं नुकसान झालं हे उघडच आहे. गावकऱ्यांचं नुकसान वेगळ्या तऱ्हेनं झालं : नियम नाही म्हणजे परवानगी आहे, असं धरून लोकांनी कर्ज काढून धंदे उभे केले. सरकारनं गप्प राहून त्यांना तसं धरू दिलं. तीस वर्षं कुणी अडवलं नाही तर माणूस त्याला हक्कच समजणार. यात त्याला दोष देता येत नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात पुळणीवर बेदरकार गाडी चालवल्याचा एक किरकोळ खटला संघराज्य न्यायाधीश टेरेन्स बॉइल यांच्यासमोर आला. निकाल देताना त्यांनी लक्षात आणून दिलं, की खास नियम केलेला नसल्यानं इथं पुळणीवर गाडी चालवणं मुळातच बेकायदा ठरतं. चाळीस-पन्नास वर्षं रोज हजारो माणसं जे करत होती, त्याला कायद्याचा आधारच नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ आणि नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी या संस्थांनी सदर्न एन्व्हायर्नमेंटल लॉ सेंटरमार्फत पार्क सर्व्हिसवर दावा लावला.

हजार मीटर

३० एप्रिल २००८ रोजी न्या. बॉइल यांनी दोन्ही बाजूंच्या संमतीचा हुकूमनामा मंजूर केला. त्यातल्या एका तरतुदीनं बेटावर सगळ्यात जास्त राग ओढवून घेतला : उडता न येणारी प्लोव्हरची पिल्लं जिथं असतील, तिथून सगळ्या बाजूंनी १,००० मीटरपर्यंत गाडी बंद.

याचा जमिनीवर अर्थ काय होतो ते बघू. किनारा ही एक रेघ आहे. पिल्लांच्या दोन्ही बाजूंना हजार-हजार मीटर म्हणजे दोन किलोमीटर पुळण बंद. पिल्लं चालतात, त्यामुळे बंद पट्टाही त्यांच्याबरोबर सरकतो. केप पॉइंटसारख्या टोकावर एकाच घरट्याची पिल्लं असली तरी अख्खं टोक बंद. अंडी उबवायला २७-२८ दिवस आणि मग उडायला महिनाभर. पहिली अंडी वाहून गेली तर जोडी पुन्हा घालते, म्हणजे बंदी ऑगस्टपर्यंत लांबते. पर्यटनाचा ऐन हंगाम तोच. बक्स्टनच्या दुकानदाराच्या डोळ्यांनी पाहिलं तर मुठीत मावेल एवढ्या पक्ष्यानं त्याचं दुकान बंद पाडलं होतं.

तरी अंतर हवेतून काढलेलं नव्हतं. प्लोव्हरची पिल्लं एका दिवसात शेकडो मीटर भटकतात आणि दिवसभर प्रत्येक घरट्यामागे एक माणूस उभा करायला पार्क सर्व्हिसकडे माणसं नव्हती. देखरेख कमी असेल तर अंतर मोठं ठेवावं लागतं. हा सौदा कुणीतरी गावात येऊन, पाटीवर आकृती काढून समजावायला हवा होता. लोकांच्या हाती मात्र फक्त बंद रॅम्पची, म्हणजे गाड्या पुळणीवर उतरवायच्या वाटांची, यादी पडत गेली.

हुकूमनाम्यात आणखी एक कलम होतं आणि ते मला चुकीचं वाटतं. कुणी मुद्दाम कुंपण मोडलं किंवा बंद भागात घुसलं, तर बंद पट्टा पहिल्यांदा ५० मीटरनं वाढवायचा, पुन्हा झालं तर १०० मीटरनं आणि तिसऱ्यांदा ५०० मीटरनं. एका अज्ञात माणसाच्या उद्दामपणाची शिक्षा नियम पाळणाऱ्या सगळ्यांना. असं कलम नियम पाळणाऱ्यांना पक्ष्यांच्या बाजूला आणत नाही, उलट त्यांना नियम मोडणाऱ्यांच्या बाजूला ढकलतं. खरं तर पुळणीवरचे जुने गळवालेच कोण कुठून घुसलं हे सांगू शकले असते. त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यावर ती मदत आटली.

रात्रीच्या बंदीबद्दल मात्र मला जराही शंका नाही. कासवांच्या हंगामात रात्री दहा ते सकाळी सहा गाड्या बंद ठेवायला हुकूमनाम्यानं सांगितलं. ही बंदी लागू असतानाच जून २०१० मध्ये ऑक्राकोक बेटावर अंडी घालायला वर आलेली एक लॉगरहेड मादी गाडीखाली सापडली आणि काही फूट फरफटत जाऊन मेली. लॉगरहेडला प्रजननक्षम व्हायला साधारण तीस वर्षं लागतात. इतकी वर्षं समुद्रात तगून ती जमिनीवर आली होती, त्या थोड्याशा वेळात तिच्या वाटेत गाडी आली. रात्री पुळणीवर गाडी नेण्यातून मिळणारा आनंद किंवा मासा या नुकसानीच्या पासंगालाही पुरणारा नाही.

कोर्टाबाहेर एक वाट शोधण्याचा प्रयत्नही झाला. गावांचे प्रतिनिधी, गळवाल्यांच्या संघटना, धंदेवाले, निसर्गसंस्था आणि सरकारी अधिकारी अशा जवळपास ३० जणांची समिती वर्षभर बसली. २००९ च्या सुरुवातीला ती एकमताविना उठली. मला याचं नवल वाटत नाही. समोरच्यानं कोर्टातून जे आधीच मिळवलेलं आहे, त्यावर टेबलाशी बसून तो काय म्हणून सोडणार? आणि ज्याला आपलं सर्वस्व गेल्यासारखं वाटतंय, तो आणखी काय देणार? हीच समिती १९७८ मध्ये बसली असती, तर दोन्ही बाजूंकडे देण्यासारखं काहीतरी होतं.

२०१२ चा नियम

शेवटी पार्क सर्व्हिसनं डिसेंबर २०१० मध्ये आराखडा मंजूर केला आणि फेब्रुवारी २०१२ पासून नियम लागू झाला. सुमारे ६७ मैल, म्हणजे १०८ किलोमीटर किनाऱ्याची त्यात वाटणी आहे : साधारण २८ मैलांवर गाड्यांना वर्षभर मुभा (सुरक्षेसाठी किंवा घरट्यांसाठी तात्पुरती बंदी सोडून), १३ मैलांवर ठरावीक हंगामात, आणि २६ मैल कायम गाडीमुक्त. म्हणजे अर्ध्याहून जास्त किनारा या ना त्या प्रकारे गाड्यांना खुलाच राहिला. ‘पुळण बंद केली’ अशी ओरड झाली, तिच्याशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत.

परवाना सुरू झाला. तेव्हा आठवड्याचे ५० डॉलर, वर्षाचे १२०. परवान्याआधी नियमांची चित्रफीत पाहणं सक्तीचं होतं. वेगमर्यादा ताशी १५ मैल. गाडीत फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि टायरची हवा मोजायचं साधन असलंच पाहिजे. टायरमध्ये हवा २० पीएसआयपर्यंतच ठेवायला सांगतात, म्हणजे टायर पसरतो, कमी रुततो आणि चाकोरीही कमी खोल पडते. एका मैलात २६० हून जास्त गाड्या नकोत, अशी गर्दीलाही मर्यादा. मे ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रात्री नऊ ते सकाळी सात पुळणीवर गाडी नाही. शरद ऋतूत, रेड ड्रमच्या हंगामात, काही वाटांवर थोडी सूट.

नियमाचा जो भाग बातम्यांत आला नाही, तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडी बंद करायची तर पायी जाणाऱ्याची सोय करावी लागते. आराखड्यात नवे रॅम्प, वाहनतळ, वाळूच्या टेकड्या ओलांडायच्या पायवाटा आणि टेकड्यांमागून जाणारे जोडरस्ते होते, म्हणजे मधला एखादा पट्टा पक्ष्यांसाठी बंद झाला तरी वळसा घालून पुढच्या रॅम्पवर जाता येईल. चालता न येणाऱ्या माणसाला गाडीमुक्त भागात कुटुंबाजवळ सोडण्यासाठी खास परवानगीची तरतूदही होती. ही कामं लगेच झाली नाहीत, पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं झाली. बंदी पहिल्या दिवशी आणि सोय तिसऱ्या वर्षी, हा क्रम उलटा असता तर निम्मा राग निवळला असता.

गाड्यांच्या बाजूच्या संघटनेनं या नियमालाही कोर्टात आव्हान दिलं. २०१४ मध्ये न्या. बॉइल यांनी ते फेटाळलं. प्रतिनिधी वॉल्टर जोन्स यांनी नियम रद्द करणारं विधेयक काँग्रेसमध्ये लावून धरलं. तेवढं झालं नाही, पण डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या मोठ्या कायद्यात एक कलम घालून काँग्रेसनं पार्क सर्व्हिसला अंतरांचा फेरविचार करायला लावला. २०१५ मध्ये पिल्लांसाठीचं गाड्यांचं अंतर १,००० वरून ५०० मीटरवर आलं, त्या बदल्यात देखरेख वाढवायचं ठरलं. पुढच्या वर्षाअखेरच्या दुरुस्तीत काही वाटा सकाळी लवकर उघडायची आणि हंगाम थोडा वाढवायची मुभा मिळाली. संरक्षण खर्चाच्या कायद्यात प्लोव्हरचं अंतर घुसडणं ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. निष्पन्न झालेली गोष्ट मात्र वाजवी आहे : माणसं जास्त नेमा, अंतर कमी ठेवा. हा पर्याय २००८ मध्येही होता, त्यासाठी पैसा काढायची तयारी नव्हती.

आकडे, आणि त्यांच्यापुढे न जाणं

२००७ मध्ये सीशोरवर समुद्री कासवांची ८२ घरटी मोजली गेली. २०१२ मध्ये २२२, २०१३ मध्ये २५४, आणि २०१९ मध्ये ४७३, जो तोवरचा उच्चांक होता. यावर निसर्गप्रेमींनी विजयाचा गुलाल उधळावा असा मोह होतो. पण त्याच काळात जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना अशा शेजारच्या किनाऱ्यांवरही लॉगरहेडची घरटी वाढली. कोळंबीच्या जाळ्यांना कासवं निसटण्याचं साधन बसवणं सक्तीचं झालं, त्याचं आणि दशकानुदशकं केलेल्या राखणीचं फळ आता दिसतंय. शिवाय मादी दर वर्षी येत नाही, म्हणून आकडा वर-खाली होतो. २०१४ मध्ये तो दणकून खाली आला होता. रात्रीच्या बंदीनं मदत केली असणार, पण सगळं श्रेय तिला देणं बरोबर नाही.

प्लोव्हरचं चित्र डळमळीत आहे. दोन जोड्यांवरून २०११ पर्यंत पंधरापर्यंत संख्या गेली, हुकूमनाम्याच्या काळातली ती चढण खरी होती. त्यानंतर ती पुन्हा उतरली. दर जोडीमागे सरासरी दीड पिल्लू उडेपर्यंत जगावं, असं या जातीच्या पुनरुज्जीवन आराखड्याचं लक्ष्य आहे, आणि या किनाऱ्यावर ते गाठणं कायम अवघड गेलेलं आहे. गाडी थांबवली म्हणून कोल्हा आणि वादळ थांबत नाही. पण याचा अर्थ गाडी मोकळी सोडावी असा काढणं म्हणजे आजाऱ्याला एका औषधानं गुण आला नाही म्हणून सगळीच औषधं बंद करण्यासारखं आहे.

धंद्याचं काय झालं? पाहुण्यांचा ओघ आटला नाही. २०२१ मध्ये सीशोरला ३२ लाखांहून जास्त भेटी नोंदल्या गेल्या, आजवरच्या नोंदींत तेव्हा सर्वाधिक. बेटाची अर्थव्यवस्था बुडेल हे भाकीत खोटं ठरलं. मात्र एकूण आकडा वाढला म्हणून केप पॉइंटच्या तोंडावरच्या आमिषवाल्याचं भागलं, असं होत नाही. भाड्याचं घर घेऊन आठवडाभर पोहणारं कुटुंब त्याच्याकडून गळ विकत घेत नाही. नियमाचा भार मोजक्या गावांतल्या मोजक्या लोकांवर पडला आणि त्यांच्यासाठी वेगळी तरतूद कुणी केली नाही. निसर्ग राखण्याचा लाभ साऱ्या देशाला मिळणार असेल, तर त्याची किंमत दहा-वीस दुकानदारांनी मोजावी हे न्याय्य नाही, आणि हे कासवांच्या बाजूनं बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी जास्त मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

दक्षिण आफ्रिकेनं डिसेंबर २००१ मध्ये नियम काढून पुढच्याच महिन्यापासून जवळजवळ सगळ्या किनाऱ्यावर मौजेसाठी गाडी चालवणं एकदम बंद केलं. तिथंही गळवाले चिडले, काही गावांचा धंदा बसला. पण काय बंद आहे याबद्दल कुणाच्या मनात संदिग्धता राहिली नाही. केप हॅटरासनं निवडलेली वाटणीची वाट जास्त न्याय्य आहे असं मी मानतो, पण ती महागही आहे. तिला दर उन्हाळ्यात पहाटे पुळणीवर फिरणारी माणसं लागतात, रोज बदलणारा नकाशा लागतो, खांब उपटून पुन्हा रोवावे लागतात. त्यातच किनारा स्वतः सरकतो आहे. केप पॉइंटचा आकार प्रत्येक मोठ्या वादळानंतर बदलतो, रोडँथीत समुद्राकाठची घरं लाटांत कोसळू लागली आहेत आणि पुळण अरुंद होते तशी गाडी, माणूस आणि घरटं यांच्यामधली जागाही घटते. भरतीरेषा आणि टेकडीचा पायथा यांच्यात गाडीपुरतीच वाट उरते, अशा जागी २०१२ च्या वाटणीतली रेघ हलवावी लागेल. ती पायी चालणाऱ्यांच्या आणि घरट्यांच्या बाजूनं हलावी, आणि यावेळी कोर्टाची वाट न पाहता गावांना आधी विचारून हलावी, अशी माझी मागणी आहे.